नावं संपेपर्यंत दिवे लावायचे नाहीत

आमच्या बेळगावच्या वडगावातल्या बायकांचा वाचन गट दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भरतो. आम्ही चौदाजणी. दोघी शिक्षिका, एक नर्स, तिघींच्या घरी माग, बाकीच्या घर सांभाळून शिवण, पापड, शिकवण्या असं काही ना काही करणाऱ्या. मी एका पतसंस्थेत कारकून आहे. आठ मार्चला आमच्याकडे हळदीकुंकू, उखाणे, संगीत खुर्ची आणि एक भाषण हे ठरलेलं. मागच्या खेपेला भाषण चालू असताना शेजारच्या काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पुढच्या वर्षी सिनेमा दाखवा की गं एखादा. बायकांनी काढलेला."

ते "बायकांनी काढलेला" माझ्या डोक्यात बसून राहिलं. संक्रांतीनंतरच्या बैठकीत मी विषय काढला, तेव्हा सगळ्याजणी भराभर नावं सांगू लागल्या, आणि ती सगळी नायिकांची नावं होती. सोसणारी आई, लढणारी सून, वकील झालेली मुलगी. चांगलेच सिनेमे होते ते, पण काढले होते पुरुषांनी. बायकांवरचा सिनेमा वेगळा आणि बायकांनी केलेला वेगळा, एवढं एकमेकींना समजावण्यात ती संध्याकाळ गेली. उठताना ठरलं ते असं: दोन दिवस, चार सिनेमे, आणि एकही असा नको ज्याच्या दिग्दर्शनात बाई नाही. आम्ही बेळगावात राहतो, त्यामुळे निम्मे मराठी आणि निम्मे कन्नड असावेत, हेही त्याच बैठकीत कन्नडच्या टीचरनी मांडलं आणि ते लगेच मान्य झालं.

यादी करायचं काम माझ्याकडे आलं. पतसंस्थेतून सुटल्यावर वाचनालयात बसायचं, घरी आल्यावर मोबाईलवर शोधायचं, असे तीन आठवडे गेले. माझी समजूत होती की बायका या धंद्यात अलीकडे आल्या असतील. पहिल्याच वहीत ती समजूत पुसली गेली. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट केला, तेव्हा सरस्वतीबाई फाळके काय काय करत होत्या ते मी वाचत गेले. तेव्हा कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. अंधारात बसून तिच्या कडेला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, चित्रित झालेली फिल्म धुवायची, शिवाय साठसत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा. उन्हात पांढरी चादर धरून उजेड पात्रांवर पाडायचा, हेही त्यांचंच काम. आपण शाळेत फाळक्यांचं नाव पाठ केलं. ज्या हातांनी ती फिल्म धुतली त्यांचं नाव मी वयाच्या पंचेचाळिशीत पहिल्यांदा वाचलं, आणि मला खरोखर राग आला. हा राग कुणा एकावर नव्हता.

मग वही भरत गेली. त्याच १९१३ सालच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये काम करणाऱ्या दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित करणाऱ्या फातमा बेगम, देशातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शिका. कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटात तारामती झालेल्या दुर्गा खोटे, ज्यांनी १९३७ साली स्वतः निर्माती म्हणून चित्रपट काढला. १९३९ साली प्रभातच्या फाटकासमोर उपोषणाला बसलेल्या शांता आपटे. १९४३ साली 'राधा रमण' काढणाऱ्या एम. व्ही. राजम्मा, कन्नडमधल्या पहिल्या स्त्री-निर्मात्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून १९६९ साली संकलन शिकून बाहेर पडलेल्या अरुणा राजे. सई परांजपे, विजया मेहता, स्मिता तळवलकर. आमच्या गटातल्या कॉलेजच्या मुलींना २०२४ साली कानच्या चित्रपट महोत्सवात ग्रँड प्री मिळवणाऱ्या पायल कपाडिया ठाऊक होत्या, आणि त्यांच्या सिनेमातल्या छाया कदम तर घरच्यासारख्या ठाऊक होत्या. त्यांच्या मागे शंभर वर्षांची रांग उभी आहे हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सोळा कार्डशीट आणून आम्ही त्या रांगेचं प्रदर्शन करायचं ठरवलं. एका कार्डावर एक बाई, वर मराठीत, खाली कन्नडमध्ये.

एका रात्री माहितीपट करणाऱ्या बायका शोधताना दीपा धनराज हे नाव आलं. त्यांनी आणि आभा भैया, मीरा राव, कॅमेरामन नवरोज कॉन्ट्रॅक्टर अशांनी मिळून १९८० साली 'युगांतर' नावाचा गट केला होता. पहिली फिल्म पुण्यातल्या मोलकरणींवर. आणि दुसरी, १९८२ सालची, तिचं नाव होतं 'तंबाखू चाकीला ऊब आली'. खाली लिहिलं होतं: निपाणी.

मी निपाणीची. माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून सोळा वर्षं तंबाखूच्या वखारीत होती. सकाळी डोक्याला फडकं बांधून जायची आणि संध्याकाळी आली की आधी न्हाणीत जायची, कारण तिच्या लुगड्यातून उडणाऱ्या धुळीने आम्हा भावंडांना शिंका यायच्या. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्या आयांना असाच वास येतो. त्या वखारीतल्या बायकांनी संघटना बांधली, त्या रस्त्यावर आल्या, हे मी ऐकून होते. पण त्या बायकांबरोबर महिनोन् महिने राहून, त्यांचं ऐकून, त्यांनाच बरोबर घेऊन कुणी फिल्म केली आहे, हे आमच्या घरात कधी बोललं गेलं नव्हतं. रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी आईला फोन लावणार होते, पण लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक बोलावली आणि सांगितलं, हा महोत्सव बेळगावात दोन दिवस आणि निपाणीत एक दिवस होईल. कुणी का असं विचारलं नाही. मागवाल्या वहिनी म्हणाल्या, "तिसऱ्या दिवसाचा चहा आमच्याकडं."

यापुढचं सविस्तर सांगते, कारण कुणाला आपल्या गावात असं करायचं असेल तर उपयोग होईल. आम्हाला आधी वाटलं होतं, डीव्हीडी आणायची, प्रोजेक्टर भाड्याने घ्यायचा, झालं. डीव्हीडीच्या वेष्टणावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ती फक्त घरगुती पाहण्यासाठी आहे. मोबाईलच्या वर्गणीवरचा सिनेमाही सभागृहात लावता येत नाही. सार्वजनिक ठिकाणी दाखवायचा तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी लागते, आणि १९५२ च्या चित्रपट कायद्याप्रमाणे सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या सिनेमांच्या बाबतीत खरी अडचण हक्क कुणाकडे आहेत हे शोधण्याची असते. निर्माता वारलेला, कंपनी बंद झालेली, वारसांपैकी एक पुण्यात तर दुसरा परदेशात. एका सिनेमासाठी मी अकरा पत्रं लिहिली आणि शेवटी तो सोडून द्यावा लागला. माझ्या आवडीचा होता तो. ज्यांच्याकडून परवानगी मिळाली त्यांनी मात्र मानधनाचा आकडा आमची ऐपत विचारून ठरवला. तंबाखूच्या फिल्मची डिजिटल प्रत आधीच तयार झालेली होती, म्हणून ती मिळणं सोपं गेलं. तिचे कागद तेवढे वेगळे जमवावे लागले.

शेवटी चार नावं पक्की झाली. सुमित्रा भावे यांनी सुनील सुकथनकरांबरोबर केलेला १९९५ चा 'दोघी', सई परांजपे यांचा १९८३ चा 'कथा' (तो हिंदी, पण आम्ही मराठीच्या वाट्यात धरला), प्रेमा कारंत यांचा त्याच साली आलेला कन्नड 'फणियम्मा' आणि कविता लंकेश यांचा १९९९ चा 'देवीरी'. निपाणीसाठी ती पंचवीसेक मिनिटांची कृष्णधवल फिल्म.

सभागृहाचं सांगायचं तर, पहिल्या ठिकाणी तारीख देऊन आठ दिवस आधी रद्द केली. सिनेमा म्हटलं की गर्दी, गर्दी म्हटलं की भांडण, आणि आमच्या भागात कुठल्या भाषेचं भांडण कधी लागेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला वाईट वाटलं, कारण त्या माणसाची बायको आमच्या गटात येऊन पुस्तकं नेते. दुसरं सभागृह शाळेचं मिळालं. पोलिसांकडे, पालिकेकडे द्यायचे अर्ज टीचरनी कन्नडमध्ये लिहून दिले. फलक दोन्ही भाषांत केला, कन्नड ठळक आणि वर, मराठी त्याखाली. त्यावरून आमच्यातच एकीने कुरकुर केली तेव्हा टीचर काही बोलल्या नाहीत. प्रदर्शनाची कार्डं मात्र त्यांनी पुढे ओढली आणि आपल्या सुंदर अक्षरात आधी मराठी मजकूर लिहायला घेतला. कुरकुर तिथेच थांबली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पडद्यावरच्या ओळींनी, म्हणजे सबटायटल्सनी. 'दोघी'ला कन्नड ओळी आणि 'फणियम्मा'ला मराठी ओळी आम्ही परवानगी घेऊन स्वतः केल्या. एक वाक्य बोललं गेलं की ते सेकंदाच्या हिशेबाने कधी दिसायचं आणि कधी जायचं ते लिहायचं, दोन ओळींपेक्षा जास्त नको, वाचणाऱ्याला दम मिळाला पाहिजे. सहा आठवडे रात्री नऊ ते अकरा टीचर, मी आणि एक कॉलेजची मुलगी स्वयंपाकघरात लॅपटॉप ठेवून बसायचो. पहिल्याच ओळीला अडलो, ती म्हणजे सिनेमाचं नाव. मराठीत 'दोघी' म्हटलं की त्या बायका आहेत हे त्याच शब्दात येतं. कन्नडमध्ये 'इब्बरू' म्हणजे दोघे जण, मग ते पुरुष असोत की बायका. टीचर पंधरा मिनिटं गप्प बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "तुमच्या भाषेत बाई शब्दातच आहे. आम्हाला ती वेगळी सांगावी लागते." त्यांनी 'दोघी' तसंच ठेवलं आणि खाली कंसात दोन बहिणी असं कन्नडमध्ये लिहिलं. 'फणियम्मा'त उलटं झालं. बालविधवेच्या त्या कथेत 'मडी' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पुण्याच्या वाचकासाठी मला 'सोवळं' लिहावं लागलं असतं. पण आमच्याकडच्या मराठी घरांतून 'मडी' सर्रास बोलतात. मी 'मडी'च ठेवलं. शब्दाशब्दाला अशी घासाघीस करताना मला दोन्ही भाषा अधिक प्रेमाच्या वाटू लागल्या, हे मी मनापासून लिहिते आहे.

मंडपवाल्याने आवाजासाठी त्याचा गणपतीतला डॉल्बी आणून ठेवला. आदल्या रात्री लावून पाहिलं तर छाती हादरत होती आणि संवाद एकही कळत नव्हता. सगळा आवाज रिकाम्या भिंतीवर आपटून परत येत होता. रात्री दहा वाजता आम्ही घरोघर जाऊन वाकळा गोळा केल्या. मागच्या भिंतीला दोरी बांधून बावीस वाकळा टांगल्या, डॉल्बी परत पाठवला आणि भजनी मंडळाचे दोन साधे स्पीकर लावले. पुन्हा सिनेमा लावला तर 'दोघी'तल्या रेणुका दफ्तरदारचा श्वाससुद्धा ऐकू आला. आज्यांच्या जुन्या लुगड्यांच्या त्या वाकळा सिनेमा बघायला येणाऱ्यांना प्रदर्शनाचाच भाग वाटल्या. आम्हीही तसंच मानलं.

एक नियम मी हट्टाने करून घेतला होता: सिनेमा संपल्यावर पडद्यावरची नावं पूर्ण जाईपर्यंत दिवे लावायचे नाहीत. आपल्याकडे 'समाप्त' दिसायच्या आधी निम्मी माणसं दाराशी असतात. पहिल्या दिवशी 'दोघी'नंतर लोक उठायला लागले तेव्हा कॉलेजच्या मुलींनी दारात उभं राहून हळूच बसायला सांगितलं. काळोखात दीडशे माणसं नावं वाचत बसली होती. कुणीतरी अक्षर लावून मोठ्याने वाचायला लागलं, मग दुसऱ्या कोपऱ्यातून कुणी, आणि बाईचं नाव आलं की मुली टाळ्या वाजवायच्या. संकलन कुणाचं, कपडे कुणी पाहिले, रंगभूषा कुणाची. एका शिंपीणकाकूंनी मला नंतर विचारलं, कपडे शिवणाऱ्यांचंही नाव असतं होय? पुढच्या तिन्ही सिनेमांना त्या शेवटपर्यंत चष्मा लावून बसल्या.

'कथा'ला सभागृह हसून हसून लोटपोट झालं. 'देवीरी' पाहून बाहेर आलेल्या दोन रिक्षावाल्यांनी वर्गणीच्या डब्यात शंभर शंभर टाकले. 'फणियम्मा' चालू असताना कुणी हललं नाही. लहानपणी विधवा झालेली, सगळं आयुष्य त्या घरात काढलेली ती बाई म्हातारपणी दुसऱ्या जातीच्या बाईचं बाळंतपण करायला जाते, तिथे माझ्या शेजारी बसलेल्या नर्सताईंनी माझा हात धरला आणि नावं संपेपर्यंत सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी रविवारी पहाटे आम्ही नऊजणी पडदा, प्रोजेक्टर, वाकळांची दोन बोचकी घेऊन टेम्पोने निघालो. संकेश्वर गेलं, तवंदीचा घाट उतरला आणि निपाणीच्या कौलांचा पट्टा दिसला. समाजमंदिरात खुर्च्या नकोत, सतरंज्या घाला, असा आईचा निरोप होता. फिल्मबद्दल मी तिला आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. ती ऐकून नुसती "हूं" म्हणाली होती. पण त्यानंतर ती रोज एका गल्लीत जाऊन जुन्या बायकांना सांगून येत होती, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. साठ बायका येतील असा माझा अंदाज होता. शंभराच्या वर आल्या. कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या मोटरसायकलवर. बऱ्याचजणींना दम लागत होता, आणि तो वयाचा एकट्याचा नव्हता.

मी चार वाक्यांत कोण, कधी, कशी फिल्म केली ते सांगितलं आणि दिवे घालवले. पडद्यावर वखार आली. तंबाखू, धूळ, वाकून काम करणाऱ्या बायका. पहिली दोन मिनिटं शांतता होती. मग एकीने, "अगं बाई, ह्ये तर आपलंच!" असं म्हटलं आणि सगळं समाजमंदिर बोलायला लागलं. मला फिल्मचा एक शब्द ऐकू येईना. गप्प करावं का म्हणून मी उठले, तर टीचरनी माझा पदर ओढून खाली बसवलं.

नावं संपली, दिवे लागले. चर्चेसाठी मी प्रश्न लिहून आणले होते. ते पर्समधून काढायची वेळच आली नाही. एक म्हातारी म्हणाली, "मजुरीचं दावलंय, पर त्या वासानं गरवार बाईचं काय हुतं त्ये कुठं दावलंय?" दुसरी म्हणाली, "दावलंय की, तू बोलत बसल्यालीस." नावाचा अर्थ आमच्या पोरींनी विचारला तेव्हा तिघी एकदम सांगू लागल्या की रचून ठेवलेल्या तंबाखूला आतून ऊब सुटते, वरून हात लावला तर काही कळत नाही, आत हात घातला की चटका बसतो. मग कुणीतरी म्हणालं, परत लाव. या खेपेला आवाज बंद कर, आम्ही सांगतो.

आवाज बंद करून फिल्म पुन्हा लावली. मी माईक सतरंजीवर ठेवून दिला, तो हातोहात फिरू लागला. कॉलेजच्या मुलीने सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करायला घेतलं. हे चाळणं, हे झाडणं, ही भरण्याची पोती, इथे मुकादम उभा राहायचा, इथे पाणी प्यायला सोडत नव्हते, इथे मी पोरगं दुपट्यात गुंडाळून ठेवत होते. काही बोलणं मराठीत, काही कन्नडमध्ये, एका वाक्यात दोन्ही. आई माझ्यापासून दोन हातांवर बसली होती. माईक तिच्यापाशी दोनदा आला आणि दोनदा तिने तो पुढे सरकवला.

तिसऱ्यांदा तिने तो हातात धरला. माझ्याकडे न बघता, पडद्याकडे बघत ती बोलली. "कॅमेरेवाल्या बायका आल्त्या तवा मी वखारीतच हुतो. सगळ्याजणी गेल्या बोलाय. मी गेलो न्हाई. सासरा म्हनला, तोंड दिसंल पडद्यावर, घरात घ्यायचो न्हाई." थोडं थांबली. "मला बोलायचं हुतं. लई बोलायचं हुतं."

कुणी काही म्हटलं नाही. पडद्यावर चित्रं पुढे जात होती. एवढ्यात आई गुडघ्यावर हात टेकून अर्धवट उठली. "थांबीव गं. मागं घे जरा. आनी थोडं. हां, हितं."

चित्र थांबलं. वखारीचं एक दार, आत अंधार, उंबऱ्यावर ऊन.

"ह्या दारातनं आत जाईत हुतो मी," आई माईकमध्ये म्हणाली. आणि मग तिने वखारीत लागली त्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. समाजमंदिराचा राखणदार किल्ल्या घेऊन दोनदा दारात येऊन गेला, तिसऱ्यांदा आला तेव्हा चपला काढून आत आला आणि मागच्या वाकळांपाशी बसला.